सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही: जुन्या पिकअपसाठी १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प

जुन्या डिझेल पिकअपचा सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही. अशा वेळी बॅटरी, स्टार्टर आणि इंजिनची अर्थिंगची वायर बहुतेक ठीकच असतात. अडलेलं असतं डिझेल, आणि ते अडवणारी एखादी वायर असू शकते. ती वायर शोधायला बल्बवाल्या टेस्ट लॅम्पइतकं (वायरीच्या एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला टोकदार सुई, मध्ये बल्ब) खात्रीचं दुसरं हत्यार नाही. मासळीच्या एका थाळीच्या पैशांत तो येतो. मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर मोबाईलला जोडायचा स्कॅनर काही कामाचा नाही, कारण वाचायला तिथे ईसीएमच, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरच, नसतो.

घेताना बल्बचाच घ्या. एलईडीचा टेस्टर नको, आणि घरातला निऑनचा स्क्रूड्रायव्हर तर १२ व्होल्टवर पेटतच नाही. एलईडी अगदी किंचित करंटवर उजळतो. डिजिटल मल्टिमीटर तर करंट जवळजवळ ओढतच नाही. त्यामुळे वायर आतून कुजून चार तारांवर लटकत असली तरी मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो आणि माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायर तेवढा करंट देऊ शकली नाही, तर बल्ब लालसर मिणमिणतो आणि दोष तिथेच उघडा पडतो.

गोव्यात हा फरक जास्तच जाणवतो. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून मासळी नेणाऱ्या गाड्यांत बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चेसिसवर ठिबकत राहतं. वर चार महिने पाऊस. कनेक्टर उघडला की पिनेवर हिरवट भुकटी दिसते, आणि इन्सुलेशन सोललं तर आतलं तांबं काळं पडलेलं असतं. म्हणूनच लॅम्पची टोकदार सुई वायरीत खुपसू नका. त्या भोकातून ओल शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात नेमकी तिथेच वायर तुटते. कनेक्टरच्या मागून, पिनेला टोक लावा.

तयार लॅम्पची मोठी उणीव म्हणजे आतला बल्ब बारका असतो, आणि वायर इतकी आखूड की बॅटरीपासून पंपापर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन मीटर वायर आणि घट्ट पकडीची क्रोकोडाइल क्लिप घेऊन घरी केलेला लॅम्प सरस. फक्त बल्ब तापतो, तो प्लास्टिकला किंवा डिझेलच्या पाइपला टेकवू नका.

आता वापर. क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावून टोक आधी पॉझिटिव्हला टेकवा. तो उजेड डोळ्यांत ठेवा, पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे. मग चावी ऑन करून टोक डिझेल पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडच्या (चावीच्या करंटवर डिझेल सोडणारा आणि अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) टर्मिनलला लावा, त्याची वायर न काढता. उजेड तेवढाच हवा. नंतर दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फच्या भारानं उजेड थोडा उतरेल, तेवढं चालतं. पण बल्ब पार विझला तर इग्निशन स्विच झिजलेला आहे. चावी ऑनवर असताना तो करंट देतो, सेल्फच्या जागी गेली की तोडतो. ही खोड मीटर लावूनही सापडते, पण चावी ऑन करून नुसतं बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

बल्ब नीट पेटतोय, तरी चावी ऑन-ऑफ करताना पंपातून ‘टक्’ ऐकू येत नाही, तर सोलेनॉइड गेला. त्याचा प्लंजर (आतली सरकणारी दांडी) काढून गाडी कायमची चालवणारे असतात. ते करू नका, मग चावीनं इंजिन बंदच होत नाही. सोलेनॉइडऐवजी स्टॉप केबल असेल तर पंपावरचा लिव्हर पूर्ण परतलाय का ते हातानं बघा. खाऱ्या हवेत केबल गंजून अर्धी ओढलेलीच राहते.

प्यूजो इंजिनाच्या जुन्या महिंद्रांना ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होण्यासाठी आतली हवा तापवणारे) असतात. त्यांची पट्टी सोडवून क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगवर टेकवा. बल्ब पेटला नाही तो प्लग जळालेला.

‘टक्’ येतंय, पण सायलेन्सरमधून धूरच नाही, तर लॅम्पचं काम संपलं. पंपानं एअर पकडली असणार. टाकीकडून येणारा रबरी पाइप चिरलेला असला तर बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, कारण त्या बाजूनं हवा आत ओढली जाते. फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग नोझलकडच्या पाइपांचे नट दीड आटा ढिले करून सेल्फ मारा. बोटं आणि तोंड लांब ठेवा, दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण जळत नाही: ग्लो प्लग, टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा डिझेलात पाणी.

सीआरडीई (कॉमन रेल डिझेल, ईसीएमवर चालणाऱ्या) गाडीवर मात्र हा लॅम्प वापरूच नका. सेन्सरच्या वायरीला २१ वॅटचा बल्ब लावला तर ईसीएम जळू शकतो. तिथे मीटरच हवा, आणि कॉमन रेलचे पाइप ढिले करून सेल्फ मारणं तर अजिबात नको. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो.