ग्रॅझॅक्स: तीन वर्षांची चिकाटी असेल तरच घ्यावी अशी गवताची गोळी

ग्रॅझॅक्स ही गवताच्या परागकणांच्या ऍलर्जीवरची, जिभेखाली ठेवायची गोळी. फॉइल सोलल्यावर हातात येते ती गोळी कमी आणि बत्ताशाचा पापुद्रा जास्त वाटते. पांढरी, चपटी, वजन जवळजवळ नाहीच. ओल्या बोटाला लागली की तिथेच विरघळायला लागते, म्हणून हात धुऊन, पुसून, कोरडे करूनच पाकीट उघडायचं. नेहमीच्या गोळीसारखं मागून अंगठ्याने दाबून काढायला गेलात तर भुगा होतो. फॉइलचा कोपरा दुमडून सोलायचा, गोळी उचलून लगेच जिभेखाली ठेवायची. काही सेकंदांत ती विरते. त्यानंतर साधारण एक मिनिट गिळायचं नाही आणि पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. चहाचा कप हातात घेऊन गोळी घेणाऱ्यांचा डोस थेट पोटात जातो, आणि पोटातल्या आम्लात त्याचं काय होतं हे सांगायला नको.

डेन्मार्कच्या एएलके कंपनीची ही गोळी युरोपात २००६ पासून मिळते. अमेरिकेत २०१४ साली हीच ‘ग्रास्टेक’ या नावाने आली. आत तिमोथी गवताच्या परागकणांचा अर्क आहे, ७५,००० एसक्यू-टी (अर्काची ताकद मोजायचं कंपनीचं एकक) इतका, आणि तो मॅनिटॉल व जिलेटिनमध्ये गोठवून सुकवलेला आहे. हे जिलेटिन माशाचं असतं. मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. कट्टर शाकाहारी असाल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही, आणि माशाची ऍलर्जी असेल तर डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगा.

गोळी कुणासाठी? मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्समध्ये ज्यांचं नाक वाहतं, डोळे चुरचुरतात आणि सेटिरिझिन (ऍलर्जीवरची नेहमीची गोळी) व नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दोन्ही चालू असूनही ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी. भारतातून गेलेल्यांना हा त्रास पहिल्याच उन्हाळ्यात होईल असं नाही. पुण्यात कधी शिंक आली नाही आणि लंडनमधल्या चौथ्या वर्षीच्या जूनमध्ये डोळे सुजले, असं सर्रास होतं. नव्या गवताविरुद्ध शरीराला आयजीई, म्हणजे ऍलर्जी घडवणारं प्रतिपिंड, तयार करायला काही मोसम लागतात.

ही गोळी नेमकी कुठे काम करते हे कळलं नाही तर माणूस दोन महिन्यांत ती सोडतो, म्हणून थोडं पेशींच्या आत जाऊ.

नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी, म्हणजे ऍलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशी, दबा धरून असतात. त्यांच्या पृष्ठभागावर एफसी-एप्सिलॉन-आरआय नावाचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं, असतात आणि प्रत्येकावर आयजीईचा एक रेणू रोवलेला असतो. परागकण ओलसर अस्तरावर पडला की त्यातली प्रथिनं सुटतात. एकाच प्रथिनाला शेजारच्या दोन आयजीईंनी पकडलं की ते दोन रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले जातात. एवढी हालचाल पुरते. आतल्या बाजूला लिन नावाचं एन्झाइम रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं, त्या फॉस्फेटवर सिक हे दुसरं एन्झाइम येऊन बसतं, सिक पुढे एलएटी या प्रथिनाला उठवतं, तिथून निरोप पीएलसी-गॅमा या एन्झाइमकडे जातो, पेशीत कॅल्शियम उसळतं आणि खाज आणि सूज आणणाऱ्या हिस्टामिनने भरलेल्या पुड्या बाहेर फुटतात. हा सगळा काही मिनिटांचा मामला. चार ते बारा तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची दुसरी लाट येते. दुपारी बागेत बसलेल्या माणसाचं नाक रात्री चोंदतं ते त्यामुळे.

सेटिरिझिन यात शेवटच्या पायरीला अडवतं. हिस्टामिन बाहेर पडून चुकलेलं असतं, औषध फक्त त्याला एच-१ रिसेप्टरवर बसू देत नाही. दूध उतू गेल्यावर ओटा पुसण्यातला हा प्रकार. गोळीचा प्रयत्न गॅस बारीक करण्याचा आहे. जिभेखालच्या अस्तरात बाहेरची प्रथिनं उचलून नेणाऱ्या डेंड्रायटिक पेशी भरपूर आणि मास्ट पेशी तुलनेने थोड्या. रोज ठरावीक मात्रेत तेच प्रथिन तिथे आलं की या पेशी ते जबड्याखालच्या लसिका ग्रंथींत नेतात. तिथे आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही निरोप्या प्रथिनं सोडणाऱ्या, ऍलर्जीला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी तयार होतात. ऍलर्जीवाल्या टीएच-२ पेशी आयएल-४ सोडतात, आणि तो निरोप प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीतल्या एसटीएटी-६ या प्रथिनामार्फत आयजीईचा कारखाना चालू ठेवतो. आयएल-१० आलं की बी पेशी आयजीजी-४ हे निरुपद्रवी प्रतिपिंड बनवण्याकडे वळतात. हे आयजीजी-४ परागप्रथिनाला आयजीईच्या आधीच गाठतं. शिवाय मास्ट पेशी आणि त्यांच्यासारख्याच बेसोफिल या रक्तपेशींवर एफसी-गॅमा-आरआयआयबी हा ब्रेकवाला रिसेप्टर असतो. आयजीजीने धरलेलं प्रथिन त्याला एफसी-एप्सिलॉन-आरआयशेजारी ओढतं आणि तो एसएचआयपी एन्झाइम बोलावून सिकपासून निघालेला निरोप मध्येच तोडतो.

हे सगळं घडायला महिने लागतात, आणि पहिल्या काही महिन्यांत रक्तातलं आयजीई उलट वाढतं. म्हणून गोळी चालू केल्यावर सहा महिन्यांनी आयजीई तपासून ‘काहीच फायदा नाही’ असं ठरवणं चूक आहे. प्रिक टेस्टही (त्वचेवर अर्काचा थेंब टोचून करायची चाचणी) पुन्हा पॉझिटिव्हच येऊ शकते. हिशेब एकाच गोष्टीचा ठेवायचा: जूनमध्ये त्रास किती दिवस झाला आणि त्या दिवसांत किती औषधं लागली.

पैसे वाया जाण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे चुकीचं निदान. नुसत्या प्रिक टेस्टवर ही गोळी सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रक्ताच्या चाचणीत तिमोथीच्या परागातली प्रथिनं (त्यांची नावं पीएचएल पी आणि आकडा अशी असतात) वेगवेगळी मागवा. पीएचएल पी १ आणि पीएचएल पी ५ पॉझिटिव्ह असतील तर माणूस खरंच या गवताला ऍलर्जिक आहे. फक्त पीएचएल पी ७ किंवा पीएचएल पी १२ पॉझिटिव्ह असतील तर मूळ ऍलर्जी दुसऱ्याच कशाची तरी असू शकते. ही प्रथिनं असंख्य वनस्पतींच्या परागांत सारखीच असतात, त्यामुळे ती निव्वळ साधर्म्याने उमटतात. अशा माणसाने तीन वर्षं गोळी घेतली तरी हाती फारसं लागणार नाही.

सुरुवात मोसमाच्या किमान चार महिने आधी, म्हणजे उत्तर युरोपात जानेवारीच्या सुरुवातीला. मेमध्ये शिंका सुरू झाल्यावर जाग येणाऱ्यांनी त्या वर्षाचा नाद सोडावा. पहिली गोळी दवाखान्यातच घ्यायची आणि त्यानंतर वीस ते तीस मिनिटं तिथेच बसायचं. तोंडाला खाज, घसा खवखवणं, कानात खाज, जिभेखाली किंचित सूज हे बहुतेकांना होतं, आठवडाभरात आपोआप ओसरतं, आणि तेवढ्यासाठी गोळी सोडू नये. गिळताना अडकणं, आवाज बसणं, दम लागणं, अंगभर गांधी उठणं यांपैकी काही झालं तर मात्र थांबायचं आणि तातडीची मदत घ्यायची. अमेरिकेत या गोळीबरोबर ऍड्रिनॅलिनचं इंजेक्शन पेन लिहून देतात, ते उगाच नाही. ताब्यात नसलेला दमा असेल तर ही गोळी नको. गरोदरपणात नव्याने सुरू करू नये. दात काढला, तोंडात फोड आले किंवा मुलाचा दुधाचा दात पडला तर जखम भरेपर्यंत, साधारण सात दिवस, थांबायचं. हे शेवटचं कलम घरोघरी विसरलं जातं.

आता परिणाम. ६३४ जणांच्या मोठ्या युरोपीय चाचणीत पहिल्या मोसमात लक्षणांचे गुण प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) ३० टक्क्यांनी आणि औषधांचे ३८ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे त्रास नाहीसा होत नाही, कमी होतो. खरी किंमत पुढे वसूल होते. त्याच चाचणीत तीन वर्षं गोळी घेतल्यावर ती थांबवून दोन वर्षांनीही फरक टिकलेला दिसला. याउलट लंडनमधल्या १०६ जणांच्या चाचणीत दोनच वर्षं उपचार दिले. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार थांबवल्यावर वर्षभराने नाकाच्या प्रतिसादात गोळीवाले आणि प्लासिबोवाले यांच्यात म्हणावा असा फरक उरला नव्हता. तीन वर्षं म्हणजे रोज एक याप्रमाणे १,०९५ गोळ्या, ३० च्या पाकिटांचा हिशेब केला तर ३७ पाकिटं. एवढी तयारी नसेल तर पहिलं पाकीटही घेऊ नका. अर्थात, पहिल्या पूर्ण मोसमात तसूभरही फरक पडला नाही तर पुढे ओढण्यातही अर्थ नाही.

मुलांसाठी पाच वर्षांपासून परवानगी आहे. ‘दमा होऊच देत नाही’ हा प्रचार मात्र जपून ऐकावा. ८१२ मुलांवरच्या पाच वर्षांच्या अभ्यासात दम्याच्या निदानापर्यंतचा काळ लांबला नाही. दम्याची लक्षणं आणि त्यावरच्या औषधांचा वापर मात्र कमी झाला. हे थोडं नाही, पण जाहिरातीतलं वाक्य ते नव्हे.

पर्याय म्हणून पाच गवतांची ‘ओरलएअर’ आहे. ती मोसमाच्या चार महिने आधी सुरू करून मोसम संपेपर्यंतच घ्यायची असते. बारा महिने गोळी लक्षात ठेवणं ज्यांना जमत नाही त्यांना ती सोयीची. परिणामात दोघींत डावं-उजवं करण्याइतका फरक आम्हाला दिसत नाही. इंजेक्शनांचा मार्ग जुनाच. लिओनार्ड नून यांनी १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून तिमोथीच्याच अर्काची टोचणी प्रसिद्ध केली होती. परागात विष असतं आणि आपण प्रतिविष तयार करवतो आहोत, असा त्यांचा समज होता. समज चुकीचा निघाला, उपचार मात्र लागू पडला.

सुट्टीला महाराष्ट्रात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरुवात करायची, तेव्हा पाकीट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको. फ्रिज लागत नाही, पण फॉइल घेण्याच्या क्षणीच सोलायची, गोळ्या डबीत काढून न्यायच्या नाहीत. आणि ही गोळी घेतली म्हणून महाराष्ट्रातल्या हरळीच्या परागांपासून सुटका होईल अशी आशा धरू नका. हरळी गवताच्या दुसऱ्याच उपकुळातली. तिच्यात पीएचएल पी ५ च्या गटातलं प्रथिनच नाही, आणि गट १ मधलं साम्यही अर्धवट आहे. गाजर गवत तर गवतच नव्हे, ते सूर्यफुलाच्या कुळातलं.