‘राग गिळलात, म्हणून गाठ झाली’

स्तनाच्या कॅन्सरसाठी आठ केमो, ऑपरेशन, पंचवीस रेडिएशन एवढं सगळं निभावलं आणि फसले ती बरी होऊन घरी आल्यावर.

मुंबईला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होतो तेव्हा ज्याच्या त्याच्या डोक्याला रुमाल. जेवणाच्या रांगेत ‘कितवी केमो?’ हाच नमस्कार. सांगलीला परतले तर जो तो म्हणे, ‘सुटलात आता!’ आणि मी रात्री दोन वाजता काख चाचपत बसायची. ‘मलाच का?’ असं डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नेमकं कुणाला का झाला याचं एकच कारण बहुतेक वेळा सांगता येत नाही. खरंच होतं ते. पण असलं उत्तर घेऊन झोप लागत नाही हो.

मग कारण विकणारा भेटला. नणंदेच्या ओळखीतला, ‘मनोऊर्जा समुपदेशक’. अंगारेवाले, चूर्णवाले मी दारातूनच परत पाठवले होते. हा इस्त्रीच्या शर्टातला, वहीत टिपणं काढत तासभर ऐकून घेणारा. वर्षभरात माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. पहिली बैठक फुकट. दुसरीला चार पानी ‘मनोविश्लेषण अहवाल’, लॅमिनेट केलेला. त्यात लिहिलेलं, ‘सासूविषयीचा गिळलेला राग छातीत साठून गाठ झाली.’ माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या. तसं सांगितलं तर म्हणाला, ‘म्हणजे सासूच्या मायेचा अभाव.’ आणि मला ते पटलं! आज हसू येतं, तेव्हा घळाघळा रडले होते.

एकवीस दिवसांचे १८ हजार. मग ‘कुटुंब शुद्धी’चे आणखी २५. निम्मे रोख, निम्मे त्याच्या बायकोच्या नंबरवर, पावती नाही. शुद्धी म्हणजे काय, तर ज्यांनी दुखावलं त्यांना फोन करून माफ करायचं. मी धाकट्या भावाला फोन लावला. म्हटलं, ‘तुझ्यामुळे मला कॅन्सर झाला, तरी मी तुला माफ केलं.’ पलीकडे कितीतरी वेळ नुसता पंख्याचा आवाज. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

टॅमॉक्सिफेनची गोळी मला पाच वर्षं रोज घ्यायची आहे. अंगातून वाफा निघतात, रात्री गाऊन भिजतो. ‘बंद करा’ असं तो समुपदेशक कधीच म्हणाला नाही. म्हणायचा, ‘गोळी गिळताना तुम्ही रोज शरीराला सांगता, आजार अजून आहे. बघा, निर्णय तुमचा.’ मी नऊ आठवडे बंद ठेवली.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरबाईंपाशी कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत. माझी गाठ हार्मोनवर वाढणारी होती, गोळी तो हार्मोन पेशींना लागू देत नाही, म्हणून आजार परत येण्याची शक्यता कमी होते, हे पुन्हा कागदावर काढून दाखवलं. गोळीचा त्रास सांगितला असता तर त्यावरही उपाय होते म्हणे! रागानं कॅन्सर होतो याला ठोस पुरावा नाही, असंही म्हणाल्या आणि तिथल्याच समुपदेशकाकडे पाठवलं. तिनं एकच विचारलं, ‘भीती दिवसात कधी जास्त वाटते?’ सासूचं नाव नाही.

पैसे परत मागितले तर हा मनोऊर्जावाला म्हणतो, ‘मी औषध दिलंच नाही, बोलण्याचे घेतले.’ कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४च्या कायद्यानं करता येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. अशा कुणाकडे जाणार असाल तर आधी नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. आणि रात्री दोनला काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे. फुकट, मराठीतही बोलतात.

तपासणीच्या त्याच दिवशी ओपीडीच्या बाकावर शेजारच्या बाईच्या पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद डोकावत होता. मागून घेतला. तीच चार पानं, तीच सासू, ‘अभाव’ऐवजी ‘आभाव’ ही छापील चूकसुद्धा तीच. मी माझी हकीकत सांगितली तर म्हणाली, ‘पण माझ्या सासूचं तर बरोबर आलंय ना!’ तेवढ्यात तिचा नंबर पुकारला, ती आत गेली. गोळी चालू आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.