केसिलचा पीआर१६०एल दिवा: पॉलिस्टायरीनच्या प्रकाश-विघटनासाठी कितपत उपयोगी?

प्रकाश आणि उत्प्रेरक वापरून पॉलिमर, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो त्या पॉलिस्टायरीनसारख्या प्लॅस्टिकचे लांब साखळीचे रेणू, तोडण्याचे प्रयोग ज्यांना करायचे आहेत, त्यांच्यापुढचा पहिला व्यावहारिक प्रश्न उत्प्रेरकाचा नसून दिव्याचा असतो. उत्प्रेरक म्हणून लागणारे फेरिक क्लोराइड (लोहाचा एक क्षार) कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशाळेत मिळते; पण ठरावीक तरंगलांबीचा, तासन् तास एकाच तीव्रतेने जळणारा प्रकाशस्रोत सहसा मिळत नाही. कॅलिफोर्नियातील केसिल कंपनीचा पीआर१६०एल हा दिवा या कामासाठी जगभर वापरला जातो. आमच्या प्रयोगशाळेत त्याची ३९० नॅनोमीटरची आवृत्ती आहे आणि हे परीक्षण तिच्यापुरतेच आहे.

आधी रसायनशास्त्र थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय दिव्याची पारख करता येत नाही. फेरिक क्लोराइडवर जांभळा किंवा अतिनीलच्या सीमेवरचा प्रकाश पडला की लोह आणि क्लोरीन यांच्यातील बंध तुटून क्लोरीनचा मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, अतिशय क्रियाशील अणू) सुटा होतो. हा मूलक पॉलिस्टायरीनच्या साखळीतील, फिनाइल गटाला लागून असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो. तेथे हवेतील ऑक्सिजन जोडला जातो आणि पुढच्या पायऱ्यांमध्ये साखळीच मधून तुटते. कॉर्नेल विद्यापीठातील एरिन स्टॅश आणि सेवॉन ओह यांनी २०२२ मध्ये पांढऱ्या एलईडी प्रकाशात याच उत्प्रेरकाने ९०,००० हून अधिक रेणुभाराचे पॉलिस्टायरीन १,००० च्या खाली आणून दाखवले आणि बेंझॉइल गटाची उपयुक्त संयुगे २३ मोल टक्क्यांपर्यंत मिळवली.

या दिव्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची निश्चितता. ३७० ते ५२५ नॅनोमीटरच्या दरम्यान वेगवेगळ्या तरंगलांबींचे दिवे स्वतंत्रपणे विकत मिळतात आणि प्रत्येकाचा वर्णपट कंपनी प्रसिद्ध करते. त्यामुळे दुसऱ्या देशातील प्रयोगशाळेने लिहिलेली कृती आपल्याकडे करून पाहताना निदान प्रकाशाबद्दल तरी शंका उरत नाही. बीकरच्या आतून एलईडीच्या पट्ट्या गुंडाळून बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती स्वस्त आहे आणि विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक दाखवण्यापुरती पुरेशीही आहे. परंतु बाजारातील पट्टीवर ‘निळा’ एवढेच लिहिलेले असते, आणि तो निळा ४५० चा की ४७० चा, हे कळायला मार्ग नसतो. फेरिक क्लोराइडचे शोषण त्या भागात झपाट्याने घसरत असल्यामुळे हा फरक क्षुल्लक नाही.

दिवा हातात सहज मावतो, तीव्रता कमी-जास्त करता येते आणि आतल्या पंख्याचा आवाज त्रासदायक नाही. येथे एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. तो पंखा दिव्याला थंड ठेवतो, समोरच्या कुपीला नाही. आम्ही पॉलिस्टायरीन विरघळवण्यासाठी डायक्लोरोमिथेन आणि लोहक्षारासाठी अ‍ॅसिटोनायट्राइल असे मिश्रण वापरतो. डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंश सेल्सियसला उकळते, म्हणजे पुण्याच्या एप्रिलमध्ये खोलीचे तापमानच त्याच्या जवळ गेलेले असते. अशा वेळी कुपीवर वेगळा पंखा लावल्याशिवाय प्रयोग सुरू करू नये. डोळ्यांसाठी या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारे चष्मे आणि भोवती आडोसा या गोष्टीही दिव्याच्या खर्चातच धराव्यात. ऑक्सिजन, सेंद्रिय द्रावक आणि तयार होणारी, स्फोटक ठरू शकणारी पेरॉक्साइडे एकाच भांड्यात असताना काळजी जास्त घेतलेलीच बरी.

प्रत्यक्ष काम पाहणे आनंदाचे असते. थर्माकोलच्या तुकड्यांपासून केलेले द्रावण सुरुवातीला घट्ट असते आणि चुंबकीय कांडी त्यात जडपणे फिरते. काही तासांनी तीच कांडी मोकळी फिरू लागते, आणि साखळ्या तुटत असल्याची ही खूण जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफीचा (साखळ्यांची लांबी मोजण्याच्या चाचणीचा) आलेख हाती येण्याआधीच दिसते. कुपीतला ऑक्सिजन कमी पडला की लोहाचे क्षपण होऊन (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून) द्रावणाचा पिवळा रंग फिका पडतो; हवा आत सोडली की तो परत येतो. पावसाळ्यात फेरिक क्लोराइड तोलेपर्यंतच ओलसर होते, त्यामुळे ते कोरड्या पेटीत तोललेले उत्तम.

आता मर्यादांकडे येतो. पूर्ण तीव्रतेवर हा दिवा सुमारे ५० वॅट वीज घेतो. तो सलग २० तास चालवला तर एक युनिट वीज खर्च होते, आणि समोरच्या कुपीत पॉलिस्टायरीन असते १०० मिलिग्रॅम. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी असली तरी साठलेला आणि वेष्टनांतून येणारा कचरा टनांत मोजावा लागतो. हा दोष या दिव्याचा नाही, प्रकाशाच्या स्वभावाचा आहे. रंगीत द्रावणात प्रकाश वरच्या काही मिलिमीटरमध्येच शोषला जातो, त्यामुळे भांडे मोठे केले की आतला भाग अंधारातच राहतो. द्रावण बारीक पारदर्शक नळीतून वाहते ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि कॉर्नेलच्या गटाने तोही करून दाखवला आहे. अशा नळीच्या गुंडाळीभोवती हे दिवे सोयीस्कर बसवता येतात.

ज्यांना मूळ मोनोमरच (साखळीचा एकेक सुटा दुवा) परत हवा आहे, त्यांनी पॉलिस्टायरीनच्या ऑक्सिडीकरणाकडून तशी अपेक्षा ठेवू नये. त्यातून बेंझॉइक आम्लासारखी वेगळी संयुगे मिळतात. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील अथिना अनास्तासाकी यांच्या गटाने २०२५ मध्ये बाजारातील अ‍ॅक्रिलिक काच डायक्लोरोबेंझीनमध्ये प्रकाशाखाली तापवून ९८ टक्क्यांहून अधिक मोनोमरमध्ये बदलली. तेथेही काम क्लोरीनच्या मूलकाचेच आहे, पण साखळी मधून तुटल्यावर पुढे दुव्यादुव्याने सुटत जाते.

संशोधनासाठी दिवा घेणाऱ्यांना माझी स्पष्ट शिफारस आहे की लोहक्षारांवर काम करणार असाल तर ३९० नॅनोमीटरचा एकच दिवा घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत दुसरा रंग घेण्याऐवजी कुपीसाठी पंखा व प्रकाशतीव्रता मोजणारे मीटर घ्यावे. दिवा आणि कुपी यांमधील अंतर नोंदवहीत प्रत्येक वेळी लिहावे. ते दोन सेंटिमीटरने बदलले तरी आकडे जुळत नाहीत.