चालकच दगावला, मग भरपाई कलम १६४ने की १६६ने?
खंबाटकी घाटात समोरच्या गाडीचा चालक चुकला, तुम्ही जखमी झालात आणि तोच गेला. आरोपी मयत म्हणून पोलीस फाइल बंद करतात. दावा बंद होत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १५५ त्यासाठीच आहे.

१६४ मध्ये चूक सिद्ध करायची नाही. गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख, बस्स.

१६६ मध्ये उपचार, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व सगळं मागता येतं, पण निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पंचनाम्यातल्या टायरच्या खुणा इथे बोलतात. गाडी मयताचीच असेल तर वारस आणि विमा कंपनी दोघांना पक्षकार करा. मयतावरच अर्ज लावला की तारखा वारस शोधण्यात जातात. मुदत ६ महिने. साताऱ्यात राहणाऱ्याला साताऱ्यातच अर्ज करता येतो.

पाय कायमचा अधू झाला असेल तर १६६च. घाईत विमा कंपनीकडून १६४ची रक्कम स्वीकारली, की १६६चा अर्ज संपतो.