व्यापारी इमारतीचे छत: तपासणी ड्रोनने की वर चढून?

सपाट छताच्या व्यापारी इमारतीची देखभाल ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापुढे तपासणीची वेळ आली की हल्ली दोन प्रस्ताव हमखास येतात. एक ड्रोनने छायाचित्रे व थर्मल चित्रे (पृष्ठभागाच्या तापमानातला फरक रंगांत दाखवणारी) काढून अहवाल देण्याचा, आणि दुसरा अनुभवी तपासनीसाने छतावर चढून, हात लावून पाहण्याचा. मी दोन्ही करून पाहिले आहे. ज्या छताबद्दल मी बोलतो आहे, त्यावर काँक्रीटच्या स्लॅबवर इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर, त्यावर मेम्ब्रेनचे, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या आवरणाचे वॉटरप्रूफिंग, मधोमध एसीच्या युनिटांच्या रांगा आणि चहूबाजूंनी कठडा अशी रचना आहे. त्यामुळे माझे मत अशाच छतांना अधिक लागू पडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

ड्रोनचे श्रेय ड्रोनला द्यायलाच हवे. मोठ्या छताचा संपूर्ण आवाका एका चित्रात येतो, आणि पाऊस थांबल्यावर पाणी कुठे अडते आहे हे त्या चित्रात जितके स्पष्ट कळते, तितके छतावर उभे राहून कळत नाही. पाऊस थांबून ४८ तास उलटले तरी न हटणारे पाणी हे साचलेले पाणी समजण्याचा या व्यवसायात संकेत आहे. त्याच्याकडे काणाडोळा करणे बरे नव्हे, कारण एक सेंटिमीटर खोलीचे पाणी दर चौरस मीटरवर १० किलो भार टाकते आणि मेम्ब्रेनच्या जोडांना सतत भिजत ठेवते. शिवाय दर वर्षी त्याच उंचीवरून काढलेली चित्रे शेजारी ठेवली, तर डबके वाढले की तेवढेच राहिले याचा निवाडा वादाशिवाय होतो.

थर्मल चित्रांचे आकर्षण याहून मोठे आहे आणि त्यामागचे तत्त्व पक्के आहे. इन्सुलेशनमध्ये मुरलेले पाणी दिवसभर उष्णता साठवते आणि सूर्यास्तानंतर सावकाश सोडते, म्हणून ओला भाग आसपासच्या कोरड्या भागापेक्षा काही तास अधिक उबदार दिसतो. मात्र त्यासाठी पृष्ठभाग कोरडा हवा, आकाश निरभ्र हवे, वारा मंद हवा. खडीचा थर असेल तर चित्र पुसट होते आणि उघडा चकचकीत पत्रा वरच्या थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवून दिशाभूल करतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, थर्मल चित्र पाणी कुठे साठले आहे ते सांगते. ते कुठून शिरले ते सांगत नाही. मेम्ब्रेनखाली शिरलेले पाणी स्लॅबच्या उताराने बरेच अंतर कापू शकते, त्यामुळे ओलीचा डाग एका कोपऱ्यात आणि फट दुसऱ्याच पाइपच्या बुडाशी असा प्रकार दुर्मीळ नाही.

इथपर्यंत दोन्ही पारडी जवळपास सारखी होती. माझा निर्णय झाला तो एका तुलनेने साध्या अडचणीमुळे, जिच्याबद्दल प्रस्तावात कोणी लिहीत नाही: अहवालातली खूण छतावर सापडत नाही. छायाचित्रात लाल वर्तुळ असते, खाली ‘जोड सुटलेला’ अशी नोंद असते, आणि दुरुस्तीचा माणूस ते चित्र हातात धरून एकसारख्या दिसणाऱ्या युनिटांच्या रांगांमध्ये उभा राहतो. साध्या जीपीएसच्या नोंदीत काही मीटरचा फरक सहज पडतो आणि फट तर बोटभर रुंदीची असते. थर्मल चित्राच्या बाबतीत पंचाईत आणखी वाढते, कारण ते रात्रीचे, रंगांच्या ढगांचे असते आणि दुरुस्ती दिवसा, एकरंगी मेम्ब्रेनवर करायची असते. परिणामी ती जागा शोधण्यासाठी जाणकार माणूस वर पाठवावाच लागतो, म्हणजे ज्या कामाला फाटा देण्यासाठी ड्रोन आणला तेच काम पुन्हा करावे लागते. अधिक अचूक स्थाननिश्चिती करणारी यंत्रणा मिळते हे मला मान्य आहे. पण ती आहे की नाही हे ग्राहकाने विचारल्याशिवाय सहसा कळत नाही. याउलट वर चढलेला तपासनीस दोष दिसताक्षणी तिथेच रंगाच्या कांडीने गोल करतो, क्रमांक टाकतो आणि पुढे जातो. दुरुस्तीवाला सरळ त्या गोलाशी येऊन बसतो.

दुसरा फरक स्पर्शाचा आहे. कठड्याला मेम्ब्रेन वर चढवून धातूच्या पट्टीने दाबलेली असते आणि पट्टीच्या वरच्या कडेला सीलंटची रेघ असते. ही उभी बाजू सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला नीट दिसतच नाही. कॅमेरा तिरपा करून जवळ नेला, तरी सीलंट जागच्या जागी दिसते. त्यावरून नख फिरवले की मात्र ते भिंतीपासून सुटले आहे आणि मागे काळपट ओलसर फट आहे हे समजते. तीच गोष्ट पायाखाली दबणाऱ्या इन्सुलेशनची आणि पाणी जाण्याच्या जाळीची. जाळी वरून स्वच्छ दिसली, तरी ती उचलून खालची दाबकडी (मेम्ब्रेन दाबून धरणारी कडी) सैल आहे का हे पाहावेच लागते. माझ्या अनुभवात गळतीचे मूळ सलग पृष्ठभागापेक्षा अशा जोडांशी, कडांशी आणि पाइपच्या बुडाशी जास्त वेळा निघाले आहे.

वर चढून केलेली तपासणी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तिचा दर्जा सर्वस्वी माणसावर अवलंबून असतो, आणि घाईने फेरी मारून सगळे ठीक असल्याचा शेरा देणाऱ्यापेक्षा ड्रोन कधीही बरा. सुरक्षेचा प्रश्नही गंभीर आहे. उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे आणि जुने सिमेंटचे पत्रे माणसाचा भार पेलतील असे कधीही गृहीत धरू नये. तुमचे छत अशा पत्र्यांचे किंवा तीव्र उताराचे असेल, किंवा वादळानंतर वर जाणे सुरक्षित आहे की नाही याचीच शंका असेल, तर ड्रोनच आधी पाठवावा. तिथे मी क्षणभरही दुसरा विचार करणार नाही.

सपाट, चालण्याजोग्या छतासाठी मात्र वर्षातून दोनदा जाणकार माणूस वर चढवणे मला अधिक भरवशाचे वाटते. इन्सुलेशनमधल्या ओलीची शंका असेल, तर सूर्यास्तानंतर हातातला थर्मल कॅमेरा घेऊन दोघांनी मिळून फिरावे आणि ओल्या भागाची सीमा तिथल्या तिथे रंगाने आखून घ्यावी, मग सकाळी त्या सीमेच्या आत एक छोटा तुकडा कापून इन्सुलेशन खरोखर ओले आहे का ते पाहावे. तरीही तुमचा कल ड्रोनकडे असेल, तर करारातच दोन अटी घालून घ्याव्यात: प्रत्येक थर्मल चित्रासोबत त्याच जागेचे दिवसाचे छायाचित्र द्यावे, आणि प्रत्येक दोषाचे अंतर कठड्याच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून दोन्ही दिशांनी मीटरमध्ये लिहावे, म्हणजे दुरुस्तीवाल्याला नुसत्या टेपने ती जागा गाठता येईल.