मोपा ते मुंबई : विमानसेवेचा अनुभव

म्हापशाहून मुंबईला जाणाऱ्यांसाठी पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळ, जिथून 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली, मला गोव्यातल्याच दाबोळी विमानतळापेक्षा निश्चितच सोयीचा वाटतो. येथून मुंबईचे हवाई अंतर सुमारे 385 किलोमीटर, म्हणजे दाबोळीहून असलेल्या अंतरापेक्षा जवळपास 40 किलोमीटर कमी आहे; तरीही वेळापत्रकात साधारण सव्वा तास दाखवतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर विमान जागेवर लागेपर्यंतचा वेळही धरलेला असतो. प्रत्यक्ष आकाशात आम्ही जेमतेम पाऊण तास होतो. कर्मचारी माझ्या वृद्ध आईशी फार अदबीने वागले. तिकीट काढताना मात्र विमानतळाचे नाव अवश्य तपासावे, कारण दाबोळी आणि मोपा यांच्यातील रस्ता तासाभराहून अधिक आहे.