अटकेनंतरचे चोवीस तास शिकवणारं ठाण्यातलं प्रशिक्षण

पोलिसी मारहाणीच्या तक्रारी बहुतेक वेळा कागदावर मार खातात. ठाणे पश्चिमेला एक मानवी हक्क संस्था कार्यकर्ते आणि नव्या वकिलांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेते, ते नेमकं हेच दुखणं धरतं. म्हणून आम्ही ते मनापासून सुचवतो, काही त्रुटी असल्या तरी.

पहिला दिवस अटकेचा. डी. के. बसू खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालातल्या, अटकेबाबतच्या अकरा सूचना नुसत्या वाचून दाखवत नाहीत, कोरा अटक मेमो, म्हणजे अटकेची नोंद करायचा कागद, हातात देऊन भरायला लावतात. मग चुका निघतात: तारीख आहे, वेळ नाही, घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही नाही, अटक झालेल्याची सहीच राहिली. सगळ्यात जास्त घोळ वेळेच्या रकान्यात होतो. ‘चौकशीला चल’ म्हणून दुपारी नेलेल्या माणसाची अटक मध्यरात्री दाखवली, की न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायच्या चोवीस तासांचा हिशेब मध्यरात्रीपासून सुरू होतो. त्यामुळे नेलं त्याच वेळी 112 ला फोन करा, आयुक्तालयाला वेळ लिहून ई-मेल टाका आणि पहिल्या रिमांडलाच, म्हणजे कोठडीसाठी हजर करतात तेव्हाच, तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवा, असं इथे सांगतात. हा सल्ला सोन्यासारखा आहे. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत, रिमांडच्या किमान दोन तास आधी मिळाली पाहिजेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2025 चा निकालही नीट समजावतात.

जखमांच्या नोंदीचं सत्र सर्वांत सरस. मानवी शरीराच्या छापील आकृतीवर प्रत्येक वळ मांडायचा: डावी की उजवी बाजू, लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये, रंग लाल, निळा की पिवळट. फोटोत जखमेशेजारी पट्टी ठेवायची. तळपायावर मारलं तर कातडी फाटत नाही, फक्त सूज येते आणि चालताना दुखतं. म्हणून ‘बाह्य जखम नाही’ एवढ्यावर डॉक्टरांनी थांबू नये, असा आग्रह धरायला शिकवतात. छळाचा तपास आणि नोंद कशी करायची हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या इस्तंबूल प्रोटोकॉलची इतकी सोपी ओळख मराठीत क्वचितच होते.

आता त्रुटी. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, तरी वाटलेल्या पुस्तिकेत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं 41-अ (पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस) आणि 156(3) (न्यायदंडाधिकाऱ्यांचा तपासाचा आदेश) तशीच आहेत. आज ती 35(3) आणि 175(3). आकडे बदलून घेता येतील, पण 175(4) चा उल्लेखच नाही, हे मात्र गंभीर. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकाविरुद्ध तक्रार असेल, तर तपासाचा आदेश देण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचं म्हणणं पाहायचं असतं. पोलिसांविरुद्धच्या अर्जाची खरी अडचण तिथेच येते. शिवाय 175(3) खाली जाण्याआधी 173(4) प्रमाणे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे अर्ज झालेला हवा, आणि त्याची पोच जपून ठेवायला हवी.

दुसऱ्या दिवशी मानवी हक्क आयोगांचं सत्र घाईत उरकलं जातं. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार हवी, हे सांगतात. पण राज्य आयोगापुढे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही, हे सांगत नाहीत. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकणाऱ्यांचे महिने यात वाया जातात. सीसीटीव्हीचा भाग बरा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार पोलीस ठाण्याचं चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर जपायचं असतं, तरी ‘चित्रण राखून ठेवा’ हा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. अर्जाचा नमुना मिळतो, तो तसाच वापरता येतो.

मुंब्रा, तुर्भे, दिघा इथून येणाऱ्यांसाठी हिंदी-उर्दू पुस्तिका हवी. सध्या फक्त मराठी आहे. जाताना नव्या संहितेची प्रत स्वतःची न्या आणि पहिल्या दिवसाचं सत्र चुकवू नका.